खाडाखोडीला सही हवी

वहीत खाडाखोड करायची नाही, हा बँकेच्या नोकरीतला पहिला धडा. चुकलेच, तर चुकलेल्या शब्दावर एकच आडवी रेघ मारावी, खालचे वाचता येईल अशी; वर बरोबर शब्द लिहावा आणि शेजारी सही ठोकावी. मी नोकरीला लागलो तोवर जाडजूड लेजरे माळ्यावर गेली होती. त्यांच्याबरोबर ती सहीही माळ्यावर गेली, आणि माझे भांडण आहे ते नेमके त्याबद्दल.

संगणकात ‘सेड’ म्हणून एक आज्ञा आहे. अमेरिकेतल्या बेल लॅबमध्ये ली मॅकमहन या गृहस्थांनी ती १९७०च्या दशकात लिहिली. काळ्या पडद्यावर एस, तिरकी रेघ, जुना शब्द, तिरकी रेघ, नवा शब्द, पुन्हा तिरकी रेघ आणि शेवटी जी एवढे टंकायचे, पुढे फाइलीचे नाव द्यायचे, की हजारो ओळींतला जुना शब्द क्षणात नवा! शेवटची जी विसरलात, तर प्रत्येक ओळीतला पहिलाच बदलतो. बाकीचे रांगेत उभे. पुण्याला संगणकाच्या नोकरीत असलेला आमचा भाचा या आज्ञेवर फिदा आहे. “मामा, एका ओळीचं काम! तुम्ही आठवडाभर काय घासत बसता?”

हे कुपवाडच्या माणसाला विचारू नये. १९९८ साली सांगली, मिरज आणि कुपवाड मिळून एक महानगरपालिका झाली. नावात आम्ही शेवटी का होईना, पण आहोत. आता समजा, पत्त्यांच्या फाइलीत ‘कुपवाड’ काढून ‘सांगली-मिरज-कुपवाड’ घालायचे आहे. भाच्याच्या एका ओळीने काश्मीरमधला कुपवाडा जिल्हा तत्काळ ‘सांगली-मिरज-कुपवाडा’ होऊन आमच्या हद्दीत येईल. घरपट्टी वसूल करायला कोण जाणार, ते ठरवा! आणि एखाद्या उत्साही हाताने तीच आज्ञा पुन्हा दिली, तर ‘सांगली-मिरज-सांगली-मिरज-कुपवाड’. इतक्या फेऱ्या शहरी बससुद्धा मारत नाही.

“मग पूर्ण शब्द असेल तरच बदल, असं सांगायचं,” भाचा म्हणतो. इंग्रजीत ठीक आहे हो. मराठीत विभक्ती नामाला सुनेसारखी नव्हे, गोचिडीसारखी चिकटते. कुपवाडला, कुपवाडचा, कुपवाडहून! पूर्ण शब्दाची अट घातली की काश्मीर वाचते, पण ही सगळी मंडळी जुन्या नावानिशी मागे राहतात.

हसण्यावारी नेऊ नका. औरंगाबादचे छत्रपती संभाजीनगर २०२३ मध्ये झाले. आमच्याच जिल्ह्यातल्या इस्लामपूरचे ईश्वरपूर करण्याचा निर्णय राज्य सरकारने २०२५ मध्ये जाहीर केला. नावे बदलावीत की नाही, हा माझ्या काउंटरचा विषय नव्हे. पण औरंगाबाद बिहारातही आहे, इस्लामपूर बंगालातही आहे, औरंगाबादकर हे आडनाव आहे, आणि १९९५ पासून मुंबई मुंबईच असली तरी तिथल्या हायकोर्टाचे इंग्रजी नाव अजून बॉम्बेच आहे. काळ्या पडद्याला यातले काय कळते?

आता कुपवाडे आडनावाचे एखादे पेन्शनर आजोबा डोळ्यांसमोर आणा. नोव्हेंबरात हयातीचा दाखला द्यायला ते काठी टेकत येतात. पासबुकात कुपवाडे, यादीत सांगली-मिरज-कुपवाडे. माणूस समोर धडधडीत जिवंत, पण नाव जुळत नाही. कुणी बदलले, कधी बदलले, आधी काय होते, काहीच मागे नाही. मग प्रतिज्ञापत्र आणा, आधार आणा, उद्या या. एका ओळीच्या कामाची मजुरी आजोबांनी फेडायची!

आज्ञा वाईट आहे असे मी म्हणत नाही. सिंडिकेट बँक १ एप्रिल २०२० रोजी कॅनरा बँकेत विलीन झाली आणि १ जुलै २०२१ पासून तिचे आयएफएससी बदलले. हा कोड अकरा अक्षरांचा. पहिली चार बँकेची, पाचवे शून्य, उरलेली सहा शाखेची. ‘एसवायएनबी’नंतरच्या तीन शून्यांच्या जागी ‘सीएनआरबी’ आणि शून्य-शून्य-एक आले. शेवटचे चार आकडे तसेच राहिले. लांबी ठरलेली, जागा ठरलेली. इथे एका ओळीचे काम खरोखर एका ओळीचेच. पण माणसाचे नाव म्हणजे आयएफएससी नव्हे.

शिवाय सेड बिचारी मुळात सभ्य आहे. आपण होऊन ती बदललेला मजकूर नुसता पडद्यावर दाखवते, मूळ फाइलीला हात लावत नाही. ‘आय’ची खूण जोडली, तरच ती थेट फाइलीवर लिहिते, आणि त्या आयला जोडूनच एखादे शेपूट लावले, तर त्या शेपटाच्या नावाने जुनी प्रतही जपून ठेवते. म्हणजे खालचे वाचता येईल अशी रेघ मारायची सोय यंत्राने करून ठेवली आहे. तेवढे शेपूट टंकायचा कंटाळा माणसाला!

तेव्हा माझी मागणी साधी आहे. आधी बदल पडद्यावर बघा. काश्मीर हलले का, आडनाव हलले का, ते मोजा. जुनी प्रत ठेवा. आणि कुणी, कधी, कशासाठी बदलले, ते लिहून खाली नाव घाला. भाचा म्हणतो, यात अर्धा तास जातो. जाऊ दे की! पेन्शनरांचा अख्खा नोव्हेंबर जाण्यापेक्षा कारकुनाचा अर्धा तास स्वस्त, मी बी.कॉम. आहे, एवढा हिशेब मला येतो.