पाटीवरचं नाव ओळखा

टूर कंपनीविना युरोपला निघायचं म्हटल्यावर घरात पहिला प्रश्न आला तो सासूबाईंचा. "दारी तप्पिदरे?" वाट चुकलो तर? सत्तरीतल्या माणसाला सोबत नेताना ही काळजी रास्तच.

म्हणून मी एक वही केली. डावीकडे आपण म्हणतो ते नाव, उजवीकडे तिथल्या पाटीवरचं. म्युनिकचं म्युन्शेन, व्हिएन्नाचं वीन, फ्लॉरेन्सचं फिरेन्झे. आपल्याला यात नवल ते काय? २०१४ साली गुलबर्ग्याचं कलबुर्गी झालं, तरी घरोघरी दोन्ही नावं नांदतात. ब्रुसेल्समध्ये तर रस्त्यांच्या पाट्याच फ्रेंच आणि डच, दोन्ही भाषांत!

मुक्काम ठरवतानाही वही कामी आली. व्हेनिसची दोन स्टेशनं: 'व्हेनेत्सिया मेस्त्रे' पाण्याच्या अलीकडे, 'व्हेनेत्सिया सांता लुचिया' बेटावर. बेटावर पुलांच्या पायऱ्या फार. सासूबाईंचे गुडघे पाहून आम्ही मेस्त्रेलाच स्टेशनजवळ खोली धरली. तिथून बेट रेल्वेने दहा-बारा मिनिटांवर.

शेंगेन व्हिसासाठी मुक्कामाचे कागद दाखवावे लागतात आणि जिथे जास्त दिवस राहणार, त्या देशाकडे अर्ज करावा लागतो. तेव्हा आधी रात्री मोजा, आणि व्हिसा हाती येईपर्यंत फुकट रद्द होणारीच खोली घ्या.

नकाशे मोबाईलमध्ये उतरवून ठेवाच. पण रोजच्या मुक्कामाचा पत्ता, तिथल्या स्पेलिंगसह, कागदावर लिहून घरच्या प्रत्येकाच्या खिशात द्या. मोबाईलची बॅटरी संपली तरी कागद बोलतो.