क्रीडांगण : नवा संघ, नवा हंगाम

पदवी पदरात पडली की मुली पांगतात आणि महाविद्यालयाचा फुटबॉल संघ जूनमध्ये पुन्हा मुळापासून बांधावा लागतो. कोरगावसारख्या गावांतून येणाऱ्या मुलींच्या अशा नव्या संघाकडून आम्ही आरंभीच करंडकाची अपेक्षा धरणार नाही. आघाडीच्या चपळाईवर गोल होतील. परंतु बचावफळीला परस्परांची चाल उमगण्यास एक हंगाम लागतोच. शिवाय सराव संपेतो तिन्हीसांजा होतात, आणि घरून ‘पुरे आता!’ असा निरोप येतो. शापोरा नदीपलीकडच्या शिवोलीत १८८३ साली फादर लायन्स यांनी हा खेळ रुजविला. गोव्याच्या योलांडा डिसूझा चार दशकांपूर्वी भारताकडून खेळल्या. २०२२ मध्ये फातोर्ड्यास सतरा वर्षांखालील मुलींच्या विश्वचषकाचे सामने झाले. तेव्हा, पालकहो, निदान दुसऱ्या हंगामापर्यंत तरी मुलीला मैदानावरून माघारी बोलावू नका.