फसलेला बेत

सहलीचा दिवस ठरलेला असावा, डबे भरून तयार असावेत आणि नेमके त्याच सकाळी आभाळ फाटावे, असा प्रसंग आपल्या महाराष्ट्रात दर पावसाळ्यात कित्येक घरी येतो. कुठे घाटात दरड कोसळते, कुठे गाडी रद्द होते, तर कुठे धाकट्या भावंडाला ताप भरतो. मग घरातील मुले हिरमुसली होऊन खिडकीशी बसतात आणि म्हणतात, “आजची सुट्टी फुकट गेली!”

सुट्टी खरोखरच फुकट जाते काय? माझ्या मते, नाही. बेत फसला म्हणून दिवस फसत नाही. दिवस आपल्या हाती तसाच असतो; फक्त तो कसा घालवावयाचा, हे नव्याने ठरवावे लागते.

यावर कोणी म्हणेल, “हे तर कोल्ह्याला द्राक्षे आंबट असे झाले. सहल मिळाली नाही, म्हणून घर गोड!” हा आक्षेप विचारात घेण्याजोगा आहे. सहलीचा आनंद खोटा नाही. ज्याने सिंहगडावरून धुक्यातली दरी पाहिली किंवा कोकणच्या किनाऱ्यावर लाटांशी शर्यत लावली, त्याला तो आनंद कोणी शिकवावा लागत नाही. तेव्हा मन खट्टू होणे स्वाभाविक आहे. परंतु खट्टू होणे वेगळे आणि सारा दिवस कुढत बसणे वेगळे.

शिवाय, बेत मोडणे हेच कधीकधी शहाणपण ठरते. सह्याद्रीतला पाऊस साधा नव्हे. महाबळेश्वरास वर्षाकाठी ५,००० मिलिमीटरांहून अधिक पाऊस पडतो. माथ्यावर सर कोसळली, की खालचा ओढा पाहता पाहता फुगतो. ३० जून २०२४ रोजी लोणावळ्याच्या भुशी धरणानजीकच्या धबधब्यात सहलीस आलेल्या एकाच कुटुंबातील पाच जण वाहून गेले. अशा वेळी “आज जायचे नाही” असे म्हणणारे वडील आपला आनंद हिरावून घेत नसतात; ते आपल्याला जपत असतात.

आता घरी राहिलेल्या दिवसाकडे वळू. सहलीत आणि घरात एक मोठा भेद असतो. गडाची वाट चढणे आजीला झेपत नाही. गाडीतील दाटीवाटी आजोबांना सोसत नाही. म्हणून सहलीस निघालेल्या कुटुंबातील एकदोन माणसे बहुधा घरी राहतात. उलट, घरी मांडलेल्या खेळात साऱ्यांना जागा असते. पंचवीस घरांचा अष्टाचल्लसचा पट जमिनीवर खडूने आखता येतो. सोंगट्यांना बांगड्यांचे तुकडे चालतात आणि कवड्या नसल्या, तर एका बाजूने घासून पांढरे केलेले चिंचोके पुरतात. या खेळाला पैसा लागत नाही, आणि दान पडताना ते लहानथोर पाहत नाही. सहा वर्षांची नात सत्तर वर्षांच्या आजोबांची सोंगटी मारू शकते, आणि आजोबांना त्याचे कौतुकच वाटते! सागरगोटे खेळताना तर आजीचा हात अजून किती चपळ आहे, हे पाहून नातवंडे थक्क होतात.

पण याहूनही मोलाची एक गोष्ट अशा दिवशी घडू शकते. १२ जुलै १९६१ रोजी पानशेतचे धरण फुटले आणि पुण्यात महापूर आला. ११ डिसेंबर १९६७ रोजी कोयनेचा भूकंप झाला. १९७२ साली मोठा दुष्काळ पडला. पुस्तकात या घटना एकेका ओळीत संपतात. परंतु त्या दुष्काळात रस्त्याच्या कामावर खडी फोडलेली, सुकडी खाऊन दिवस काढलेली माणसे आजही अनेक घरांत आहेत. पूर आला तेव्हा जे मूल दहा वर्षांचे होते, ते आज पंचाहत्तरीच्या आसपास आहे. या आठवणी सांगणारी माणसे आपल्याला किती काळ लाभणार? गड पुढल्या वर्षीही जागेवरच असेल. आजोबांची गोष्ट मात्र आज विचारली नाही, तर कदाचित ती कायमची न ऐकलेली राहील.

मात्र नुसते एका छपराखाली असणे म्हणजे एकत्र असणे नव्हे. वडील एका खोलीत, ताई दुसऱ्या खोलीत, आणि प्रत्येकाच्या हाती आपापला मोबाइल, असा दिवस गेला तर त्यात कुटुंब कोठे आले? तसेच, सर्वांनी पट मांडून बसावे आणि आईने एकटीने भज्यांचा घाणा काढीत चुलीशी उभे राहावे, हाही न्याय नव्हे. तिचीही ती सुट्टीच असते. कोणी कांदा चिरावा, कोणी पीठ कालवावे, कोणी ताटे पुसावीत. कामे वाटली, की आईचीही सोंगटी पटावर येते आणि भजी अधिक रुचकर लागतात.

बालमित्रांनो, पुढे आयुष्यात तुमचे अनेक बेत मोडतील. सारेच काही पावसामुळे मोडणार नाहीत. जे हातून निसटले त्यासाठी घटकाभर हळहळावे आणि मग जे हाती उरले त्याचे काय करता येईल, याचा विचार करावा, ही सवय ज्याला लहानपणी लागली, त्याला मोठेपणीही ती तारून नेते. ही सवय लावण्यास पावसाने अडविलेल्या एका रविवारासारखा दुसरा सोपा धडा नाही. म्हणून पुढल्या वेळी सहल रद्द झाली, तर डबा खुशाल घरातच उघडा. पण तो उघडण्यापूर्वी सर्वांना एका पंगतीत बोलवा.