लय सुटते, हे सांगायचे कोणी?

सूर आणि संगत : साप्ताहिक सदर

मनुष्य लबाड असला, आळशी असला किंवा गर्विष्ठ असला, म्हणजे त्याला चार कठोर शब्द सुनावताना आपल्या विवेकबुद्धीला फारसे आयास पडत नाहीत. किंबहुना त्या शब्दांना बरी धार आली याचे मनातल्या मनात समाधानच वाटते. परंतु जो मनुष्य तालमीला सर्वांच्या आधी येऊन सतरंजी अंथरतो, पेटीचे ओझे आपण होऊन उचलतो, कार्यक्रम लांबून शेवटची गाडी चुकलेल्या सोबत्याला आपल्या घरी जेवू घालतो, वर्गणी कमी पडली तर दुसऱ्याला कळू न देता ती भरून काढतो, आणि एवढे सारे करून वाजवायला बसला म्हणजे मात्र ज्याची लय हटकून सुटते, त्या मनुष्याला त्याच्या उणिवेची जाणीव कोणी आणि कशी करून द्यावी, हा सामुदायिक संगीतातील सर्वांत अवघड प्रश्न होय असे मी समजतो. अप्रिय सत्य उच्चारू नये, या सुभाषितकारांच्या उपदेशाचा आधार घेऊन बहुतेक मंडळे तो प्रश्न दप्तरबंद करून ठेवतात. तो तसा ठेवणे सौजन्याचे नाही, एवढेच आज सांगावयाचे आहे.

भजनी मंडळाचेच उदाहरण घेऊ, कारण महाराष्ट्रात जितक्या आळ्या तितकी मंडळे आहेत आणि हा प्रसंग न आलेले मंडळ विरळा. वारकरी भजनात टाळ हाती घेण्यास कोणाची परवानगी लागत नाही. दिंडीतल्या शेकडो टाळकऱ्यांपैकी दहा-पाच जणांचा ठोका किंचित मागेपुढे पडला, तरी त्या एकत्रित नादात तो विरून जातो, आणि तो विरावा, व्यक्तीचे वेगळेपण नामाच्या घोषात लोपावे, हेच तर त्या भजनाचे प्रयोजन. स्पर्धेचे संगीत भजन ही निराळी वस्तू आहे. तेथे मुख्य गायक म्हणून बुवा, एक पेटी, एक पखवाज किंवा तबला, मोजके टाळकरी आणि मागे झील धरणारे असा बेताचा सरंजाम असतो; वेळ बांधून दिलेली असते; समोर परीक्षक गुणपत्रक घेऊन बसलेले असतात. आठ मात्रांचा भजनी ठेका कानाला सोपा वाटतो आणि म्हणूनच तो फसवतो. अभंग रंगात आला, बुवांनी गजर धरला, श्रोते टाळ्यांनी साथ करू लागले, की भाविक वादकाचा हात हर्षभराने पळू लागतो; लय इतकी चढते की बुवांना शब्द उच्चारण्यापुरता श्वास उरत नाही, आणि टाळकऱ्यांत दुफळी होऊन निम्मे पखवाजामागे व निम्मे पेटीमागे धावू लागतात.

माझ्या पाहण्यातल्या एका मंडळात असे एक वयस्कर पखवाजवादक होते. त्यांना सगळे काका म्हणत. पखवाजाच्या डाव्या तोंडाला लावायची कणीक ते घरूनच मळून पितळी डब्यात आणीत. हातोडीने गठ्ठे वरखाली ठोकून उजवी पुडी नेमक्या स्वरात आणण्यात त्यांचा हात धरणारा त्या पंचक्रोशीत कोणी नव्हता. वाद्य लावावे काकांनीच, असे प्रतिस्पर्धी मंडळांचे लोकसुद्धा म्हणत. वाजवावे मात्र काकांनी नव्हे, हे कोणी म्हणत नसे. त्याऐवजी मंडळाने आडमार्गांनी नाना तजविजी केल्या. पेटीवाल्याला स्वर जोराने दाबण्यास सांगण्यात आले. नेकीने ठोका धरणाऱ्या एका टाळकऱ्याला काकांच्या अगदी समोर बसवण्यात आले. शेवटी एका विद्वान सभासदाने काकांच्या देखत लयीच्या महत्त्वावर अर्धा तास सर्वसाधारण व्याख्यान दिले, आणि त्या व्याख्यानातील प्रत्येक मुद्द्याला सर्वांत आधी मान डोलावली ती काकांनी! स्पर्धेचा निकाल लागला की परतीच्या प्रवासात काका परीक्षकांच्या पक्षपाताबद्दल हळहळत आणि बाकीचे खिडकीबाहेर पाहत.

आपल्या संगीतात सोबत्याला सांभाळून घेणे हा मोठा गुण मानतात, आणि तो आहेच. भर बैठकीत गायकाची जागा चुकली, तर जाणता तबलजी ठेका असा काही वळवतो की श्रोत्यांना तो चमत्कारच वाटावा. तबलजीची मात्रा गेली, तर समंजस गायक हाताने ताल दाखवीत मुखड्यावर येतो आणि पुढच्या समेला दोघे असे भेटतात की जणू काही घडलेच नाही. मैफलीत हा धर्म होय. परंतु तोच धर्म तालमीत आणला की त्याचा अधर्म होतो, कारण श्रोत्यांपासून चूक झाकणे निराळे आणि ज्याची चूक त्याच्यापासूनच ती झाकणे निराळे. पहिल्याने त्या मनुष्याची अब्रू राखली जाते. दुसऱ्याने आपली गैरसोय टळते, आणि तिलाच आपण त्याच्यावरचे प्रेम म्हणतो.

असल्या मौनाचा जगप्रसिद्ध दाखला इंग्लंडातील लिव्हरपूल शहरचा आहे. बीटल्स या नावाने पुढे दिगंत कीर्ती पावलेल्या चौकडीचा ड्रमवादक आधी पीट बेस्ट नावाचा तरुण होता. त्याचा जन्म १९४१ सालचा, आणि तोही आपल्याकडचा, मद्रासचा. लिव्हरपुलातल्या त्यांच्या घराच्या तळघरात त्याच्या आईने १९५९ साली तरुणांसाठी ‘कॅस्बा’ नावाचा क्लब काढला होता आणि लेनन, मॅककार्टनी, हॅरिसन ही मुले तेथे वाजवून गेली होती. ऑगस्ट १९६० मध्ये हँबुर्गला जाण्यासाठी ड्रमवादक हवा म्हणून त्यांनी बेस्टला घेतले, आणि तेथील क्लबांत रात्र रात्र त्याने त्यांच्याबरोबर ड्रम बडवले. पुढे ६ जून १९६२ रोजी लंडनमध्ये ईएमआय कंपनीच्या स्टुडिओत चाचणी झाली. निर्माते जॉर्ज मार्टिन यांना बेस्टचे वादन ध्वनिमुद्रणास पुरेसे वाटले नाही. रेकॉर्डच्या कामी आपण बाहेरचा अनुभवी वादक आणू, एवढेच त्यांनी व्यवस्थापक ब्रायन एपस्टाइन यांना कळवले. रंगमंचावर कोणी वाजवावे, याबद्दल त्यांचे काही फर्मान नव्हते. तरीही १६ ऑगस्ट १९६२ रोजी एपस्टाइन यांनी बेस्टला आपल्या कचेरीत बोलावून घेतले आणि त्याला बडतर्फ केल्याचे सांगितले. दोन वर्षे ज्यांच्या खांद्याला खांदा लावून तो वाजवत होता, त्या तिघांपैकी एकही त्या खोलीत नव्हता. आपण भित्रेपणा केला आणि ते काम ब्रायनकरवी करवून घेतले, असे लेननने पुढे स्वतःच कबूल केले आहे.

याचा परिणाम पाहण्याजोगा आहे. बेस्टला काढले का, याबद्दलचा वाद साठ वर्षे उलटली तरी मिटलेला नाही. कोणी म्हणतात हात कच्चा; कोणी म्हणतात स्वभाव अबोल; कोणी म्हणतात त्याच्या देखणेपणाचा मत्सर; कोणी तर त्याच्या केशरचनेपर्यंत जाऊन पोहोचतात. समोर बसून कारण सांगण्याची तसदी सोबत्यांपैकी कोणी घेतली असती, तर ते कारण कडू असले तरी एकच राहिले असते. न सांगितल्यामुळे त्याची दहा झाली आणि त्या मनुष्याला ती जन्मभर पुरली. पुढे त्याने लिव्हरपुलातल्या सरकारी रोजगार कचेरीत वीसेक वर्षे इमानेइतबारे नोकरी केली. त्याचे वादन असलेली जुनी ध्वनिमुद्रणे १९९५ साली ‘अँथॉलॉजी’ या संचात निघाली, तेव्हा कुठे त्याच्या पदरात मानधनाची मोठी रक्कम पडली.

या हकीकतीचा उत्तरार्ध लोक क्वचित सांगतात, आणि माझ्या मते बोध सगळा तेथेच आहे. बेस्टच्या जागी रिंगो स्टार आला. ४ सप्टेंबरला त्याने ‘लव्ह मी डू’ हे गीत वाजवले. मार्टिन यांचे समाधान झाले नाही. ११ सप्टेंबरला अँडी व्हाइट नावाचा व्यावसायिक वादक ड्रमवर बसला आणि नव्याने आलेल्या रिंगोच्या हाती खंजिरी देण्यात आली. म्हणजे जो ठपका बेस्टवर आला तोच, तीन महिन्यांच्या आत, रिंगोवरही आला. त्याला वाईट वाटलेच. परंतु त्या दिवसापुरते ड्रम दुसऱ्याने वाजवले म्हणून चौकडीतली त्याची जागा कोणी काढून घेतली नाही, आणि चौकडी मोडेपर्यंत तो तिच्यात राहिला. एखाद्या कामाला मनुष्य आज अपुरा पडतो, हा एक निवाडा. तो आपल्या संगतीलाच नालायक आहे, हा दुसरा. पहिला उच्चारण्याचा अधिकार जाणत्या कानाला आहे, आणि तो उच्चारायला आपण भितो ते बहुधा एवढ्यासाठी, की आपल्या मनात तो दुसऱ्यापासून सुटा झालेला नसतो.

आमच्या त्या मंडळाच्या बुवांना हा भेद कोणी शिकवला नव्हता. तो त्यांना आपला आपणच उमजला. पुढे जे घडले ते त्यांनीच मला सांगितले. एका गुरुवारी तालमीच्या आधी त्यांनी काकांना एकट्यालाच बोलावले. चिटणिसाला बरोबर घेतले नाही, चहाची प्रस्तावना केली नाही, काकांच्या सेवेचा गौरवही आरंभी केला नाही, कारण स्तुतीने सुरुवात झाली की जाणता मनुष्य पुढच्या घावाची वाट पाहू लागतो. ते एवढेच म्हणाले, “काका, गजर धरला की तुम्ही पुढे जाता. अभंगात नाही जात, गवळणीत नाही जात. गजरातच जाता.” काका बराच वेळ पखवाजाच्या वादीशी चाळा करीत राहिले. मग त्यांनी विचारले, “कधीपासून?” बुवांनी खरे ते सांगितले. त्यावर काका म्हणाले, “मग इतकी वर्षं तुम्ही सगळे मला हसत होतात?” हसत कोणी नव्हते, पण ते पटवून देण्यास बुवांपाशी एकही पुरावा नव्हता. काकांना लागले ते लय सुटते या वार्तेने नव्हे. ती वार्ता सर्वांना रुजू होऊन आपल्यापर्यंतच पोहोचली नाही, याने. मौन जितके लांबते, तितके त्या सत्याला व्याज चढत जाते, आणि तो सगळा भरणा शेवटी बोलणाऱ्या एकट्याला करावा लागतो.

बुवांच्या बोलण्यात आणखी एक गोष्ट ध्यानात घेण्यासारखी होती. ‘तुम्हांला लय नाही’ असे ते म्हणाले नाहीत. लय नाही म्हटले, की मनुष्याने करायचे काय? गजरात पुढे जाता म्हटले, की निदान पेटीवर लेहरा लावून रोज अर्धा तास तोच गजर संथ लयीत घोटता येतो. पुढची स्पर्धा शेजारच्या गावचा एक तरुण वाजवील, एकादशीचे भजन पूर्ववत काकांकडेच राहील आणि कार्तिकीनंतर पुन्हा ऐकून ठरवू, अशी स्पष्ट मुदतही त्यांनी घातली. यामुळे काका प्रसन्न झाले, असे सांगितले तर ते खोटे होईल. ते दोन गुरुवार फिरकले नाहीत. तिसऱ्या गुरुवारी आले ते कणकेचा डबा घेऊन. त्या तरुणाचा पखवाज त्यांनी लावून दिला आणि स्वतः टाळ घेऊन दुसऱ्या रांगेत बसले. रुसवा पुरता गेला, असे अजूनही म्हणवत नाही.

यावर एक आक्षेप येतो आणि तो सहजी उडवून लावण्याजोगा नाही. ही हौशी माणसे. दिवसभर राबून संध्याकाळी चार घटका नाम घ्यायला बसतात. त्यांच्यात गुणवत्तेची चाळणी लावून चांगल्या मनुष्याचे मन मोडण्याइतके स्पर्धेच्या ढालीचे मोल आहे काय? माझे उत्तर असे, की नसेलही. पण ते मोल मंडळाने आधी ठरवावे. ढाल नको असेल, तर स्पर्धेचा अर्ज भरू नये, आणि मग काकांचा गजर कितीही पळो, सर्वांनी आनंदाने त्यामागे पळावे; त्या भजनाची प्रतिष्ठा तसूभरही कमी नाही. ढाल हवी असेल, तर ती मागायची आणि ती ज्यामुळे हुकते ते मात्र बोलायचे नाही, या दुटप्पीपणाला भक्तीचे नाव देऊ नये. शिवाय चांगल्या मनुष्याला सत्य झेपणार नाही, हे आपण कोणत्या आधारावर गृहीत धरतो? ज्याने संसारातले मोठमोठे प्रसंग निभावले, त्याला एका ठेक्याची गोष्ट पेलणार नाही असे मानणे म्हणजे त्याच्या चांगुलपणाची किंमत मुलाच्या भाबडेपणाइतकीच करणे होय.

म्हणून हे काम पत्रावर, चिटणिसावर किंवा बाहेरून आणलेल्या गुरुजींवर सोपवू नये. ज्याच्या गळ्याला किंवा हाताला त्या चुकीचा रोज उपसर्ग होतो, त्यानेच ते बोलावे. लवकर बोलावे, एकट्याशी बोलावे, नेमकी जागा दाखवून बोलावे. आणि उठण्यापूर्वी आपलीही उणीव विचारून घ्यावी, कारण उणिवा एकाच्याच असतात असे मंडळ अद्याप निर्माण झालेले नाही. बुवांनी ती त्या दिवशी विचारली. काकांनी क्षणाचाही विलंब न लावता सांगितले, “बुवा, गवळणीत वरच्या षड्जावर तुम्ही नेहमी उतरता.” बुवांनी नंतर चौकशी केली, तेव्हा असे निष्पन्न झाले की ही गोष्ट मंडळात त्यांच्याखेरीज सर्वांना ठाऊक होती.

— श्रुतिधर