भुतांचे चित्रपट करणारा दिग्दर्शक दंगलीकडे का वळला? जोको अन्वर आणि इंडोनेशियाची १९९८ ची जखम

एप्रिल २०२५ मध्ये इंडोनेशियात ‘पेंगेपुंगान दि बुकित दुरी’, म्हणजे ‘बुकित दुरीचा वेढा’, हा चित्रपट प्रदर्शित झाला. त्यात भूत नाही की शाप नाही. आहे एक शाळा, बाहेर पेटलेलं शहर आणि चिनी वंशाच्या शिक्षकाच्या जिवावर उठलेली मुलं. दिग्दर्शक होते देशात लोकप्रिय भयपट देणारे जोको अन्वर. दोनच महिन्यांत, १९९८ च्या दंगलीत नेमकं काय घडलं यावरून देशात वाद पेटला.

कोण आहेत जोको अन्वर?

जन्म १९७६ चा, सुमात्रा बेटावरच्या मेदान शहरातला. बांडुंगच्या तंत्रज्ञान संस्थेत त्यांनी एरोस्पेस इंजिनीअरिंग केलं. मात्र विमानांऐवजी ते वळले पत्रकारितेकडे. ‘जकार्ता पोस्ट’मध्ये चित्रपट समीक्षा लिहिताना दिग्दर्शिका निया दिनाता यांच्याशी ओळख झाली आणि दोघांनी मिळून ‘आरिसान!’ (२००३) लिहिला. २००५ मध्ये ‘जान्जी जोनी’ या विनोदी चित्रपटातून ते दिग्दर्शक झाले.

खरं यश मिळालं २०१७ मध्ये. १९८० च्या ‘पेंगाब्दी सेतान’ (सैतानाचे सेवक) या भयपटाची त्यांनी नवी आवृत्ती केली आणि ती ४० लाखांहून जास्त लोकांनी थिएटरमध्ये पाहिली. २०२२ मधल्या दुसऱ्या भागाने ६० लाखांचा टप्पा ओलांडला. मधल्या काळात ‘परेम्पुआन ताना जाहानाम’ (२०१९) इंडोनेशियातर्फे ऑस्करसाठी पाठवला गेला.

त्यांच्या भयपटांत वेगळं काय?

सुहार्तो यांच्या ३२ वर्षांच्या राजवटीत चित्रपटांवर कडक सेन्सॉरशिप होती. भयपटांचा शेवट बहुधा ठरलेला असायचा: भुताने उच्छाद मांडायचा आणि शेवटी धर्मगुरूने येऊन सगळं सुरळीत करायचं. १९८० चा ‘पेंगाब्दी सेतान’ही असाच संपतो.

अन्वर यांनी नेमकं हेच बदललं. त्यांच्या आवृत्तीत धर्मगुरू स्वतःच मारला जातो. ‘परेम्पुआन ताना जाहानाम’मध्ये गावाचा प्रमुख असलेला बाहुल्यांच्या खेळाचा सूत्रधारच गावाच्या क्रौर्यात सामील आहे. ज्यांनी वाचवायचं, ते एकतर हतबल आहेत किंवा गुन्ह्यात सामील. त्यामुळे भुतांचा चित्रपट पाहतानाही प्रेक्षकाला भोवतालचा समाज दिसतो.

मग ‘बुकित दुरी’ कशाबद्दल?

कथा २०२७ मध्ये घडते. एक शिक्षक हरवलेल्या भाच्याच्या शोधात एका बदनाम शाळेत नोकरीला लागतो. शहरात चिनीविरोधी दंगल उसळते आणि तो शाळेत अडकतो. इथेही मदतीला कोणी येत नाही.

काळ भविष्यातला असला, तरी इंडोनेशियन प्रेक्षकाला संदर्भ लगेच कळतो. मे १९९८ मध्ये आर्थिक संकटाच्या काळात जकार्तासह अनेक शहरांत दंगली झाल्या. हजाराहून अधिक माणसं मेली. चिनी वंशाच्या लोकांची दुकानं, घरं जाळली गेली आणि स्त्रियांवर बलात्कार झाले. २१ मे रोजी सुहार्तो पायउतार झाले. सरकारनेच नेमलेल्या संयुक्त सत्यशोधन पथकाने ५२ बलात्कारांची नोंद केली. नवे अध्यक्ष हबीबी यांनी स्त्रियांवरच्या या हिंसाचाराबद्दल जाहीर खेद व्यक्त केला.

आता हा विषय तापला कशामुळे?

जून २०२५ मध्ये संस्कृतीमंत्री फादली झोन यांनी एका मुलाखतीत या सामूहिक बलात्कारांना पुरावा नसल्याचं आणि ती अफवा असल्याचं सांगितलं. टीकेनंतर त्यांनी खुलासा केला, की हिंसाचार नाकारायचा नव्हता, आक्षेप ‘सामूहिक’ या शब्दाला होता. पण त्याच सुमारास त्यांच्याच मंत्रालयाकडून राष्ट्रीय इतिहासाचे नवे खंड लिहिले जात होते. त्यातून १९९८ वगळलं जाईल, अशी भीती इतिहासकार आणि स्त्री संघटनांनी व्यक्त केली. या संशयाला आणखी एक कारण होतं. ऑक्टोबर २०२४ पासून राष्ट्राध्यक्ष असलेले प्राबोवो सुबियांतो हे सुहार्तो यांचे एकेकाळचे जावई आणि मे १९९८ मध्ये लष्करातले बडे अधिकारी. दंगलीत हात असल्याचे आरोप त्यांनी कायम फेटाळले आहेत.

चित्रपटाने काय फरक पडतो?

‘बुकित दुरी’ने अन्वर यांच्या भयपटांइतकी गर्दी खेचली नाही. लोकांना भूत पाहायला आवडतं, स्वतःच्या शहरातली दंगल पाहणं जड जातं. तरीही अमेझॉन एमजीएमसारखा मोठा स्टुडिओ या विषयामागे उभा राहिला, तो अन्वर यांच्या भयपटांनी कमावलेल्या विश्वासामुळेच.

१९९८ नंतर जन्मलेली मुलं आज शिक्षण संपवून नोकरीला लागली आहेत. त्यांच्यासाठी ही दंगल म्हणजे घरात ऐकलेली किंवा कधीच न ऐकलेली गोष्ट. आणि त्या बलात्कारांसाठी आजवर एकालाही शिक्षा झालेली नाही.