दोन काळे, एक नळी

वाईड फॉरमॅट प्रिंटर म्हटलं की आपल्याकडे डोळ्यांसमोर येतो तो फ्लेक्स. दिवाळी झाली, मंडया भरायला लागल्या की भंडारा-साकोली-लाखांदूर पट्ट्यात झाडीपट्टीच्या नाटकांचे फ्लेक्स लागतात, आणि बाकी वर्षभर वाढदिवस, श्रद्धांजली, हार्दिक अभिनंदन हे चालूच असतं. तिथे काळ्या रंगाचा प्रश्नच येत नाही. निळा, गुलाबी, पिवळा, काळा अशा चार शाया, खाली पीव्हीसी, आणि बघणारा वीस फुटांवरून मोटारसायकलवर. काळा काळा दिसला, संपलं.

मी बोलतोय ते त्याच मशीनच्या शहाण्या भावंडाबद्दल. १७, २४ किंवा ४४ इंच रुंद कागदावर आठ-दहा-बारा शायांनी फोटो छापणारा पिगमेंट प्रिंटर. नागपूर-पुण्याच्या चांगल्या लॅबमध्ये दिसतो तो. आणि हे आत्ता लिहायचं कारण असं की माझ्या ओळखीतल्या आयटीवाल्यांपैकी निम्म्यांकडे आता बरा कॅमेरा आहे, निम्म्यांकडे नवा फ्लॅट आहे, आणि नागझिरा, कोका किंवा उमरेड-पवनी-कऱ्हांडल्याची एक तरी सफारी सगळ्यांचीच झालेली आहे. भिंत रिकामी, हार्ड डिस्क भरलेली. मग प्रिंट काढला जातो, आणि तो घरी आला की "स्क्रीनवर भारी दिसत होता रे" हे वाक्य हमखास ऐकू येतं.

दोष बहुतेक वेळा कॅमेऱ्यावर जातो. माझ्या मते तो बऱ्याचदा एका नळीचा असतो. कसा ते सांगतो.

या प्रिंटरसाठी काळी शाई दोन प्रकारची मिळते. एक फोटो ब्लॅक, दुसरी मॅट ब्लॅक. फोटो ब्लॅकच्या रंगकणांवर रेझिनचं वेष्टण असतं, त्यामुळे ती चकचकीत किंवा सेमीग्लॉस कागदाच्या लेपाला घट्ट धरते आणि स्वतःही थोडी चकाकते. मॅट ब्लॅकमध्ये काजळीचं, म्हणजे कार्बनचं, प्रमाण जास्त आणि रेझिन कमी. ती सुती, खरखरीत, न चकाकणाऱ्या कागदासाठी. मोहाडी-आंधळगावकडच्या विणकराला हे वेगळं समजावून सांगावं लागणार नाही. तोच काळा रंग टसरवर निराळा आणि सुतावर निराळा दिसतो, हे त्याला बोटांनाच माहीत असतं. आपल्याला मात्र ड्रॉपडाऊनमधून निवडावं लागतं.

आता थोडं गणित, घाबरू नका. काळेपणा मोजायची पद्धत लॉगमध्ये आहे. घनता १ म्हणजे कागदावर पडलेल्या प्रकाशापैकी दहा टक्के परत येतो, २ म्हणजे एक टक्का. चांगल्या ग्लॉसी कागदावर फोटो ब्लॅक २.३ च्या आसपास सहज जाते, म्हणजे जेमतेम अर्धा टक्का प्रकाश परत. चांगल्या मॅट कागदावर मॅट ब्लॅक साधारण १.६ ला पोचते, म्हणजे अडीच टक्के. आणि मॅट कागदावर चुकून किंवा नाइलाजाने फोटो ब्लॅक मारली तर ती १.३-१.४ च्या आसपास अडकते, म्हणजे चार-पाच टक्के. काळ्याच्या जागी कोळशाच्या पाटीसारखा करडा. उलट केलं तर आणखी वाईट. ग्लॉसी कागदावर मॅट ब्लॅक धरतच नाही, बोट फिरवलं की बोटाला लागते.

वाघाच्या फोटोला यातलं बरंचसं खपून जातं. तो उजळ आहे, पिवळा-केशरी आहे, पट्टे थोडे करडे झाले तरी वाघ वाघच राहतो. पण नागझिऱ्यात वाघापेक्षा रानगवा जास्त वेळा दिसतो, आणि अस्वल दिसलं तर नशीब. पूर्ण वाढलेला रानगवा म्हणजे जवळजवळ काळा डोंगर, खाली पांढरे मोजे घातलेला. अस्वल म्हणजे काळ्या केसांचा गुंता आणि छातीवर एक पांढरी खूण. या दोघांचं सगळं अंग चित्रातल्या शेवटच्या दहा टक्के अंधारात राहतं. खांद्याचा स्नायू, मानेखालची घडी, केसांची दिशा, सगळं तिथेच. काळा उथळ पडला की तिथल्या सगळ्या पायऱ्या एकमेकींवर कोसळतात आणि गव्याच्या जागी गव्याच्या आकाराचं भोक उरतं. तुम्ही पहाटे साडेचारला उठून, थंडीत जिप्सीमध्ये कुडकुडत जे पाहिलं होतं, ते कागदावर आलेलंच नसतं.

मग दोन्ही शाया प्रिंटरमध्ये एकत्र का ठेवत नाहीत? आता मजा ऐका. एप्सनचा स्टायलस प्रो ४००० हा १७ इंची प्रिंटर २००४ च्या सुमारास आला तेव्हा त्याच्या आठ कप्प्यांत दोन्ही काळ्या शाया एकाच वेळी बसत होत्या. पुढे २००५ मध्ये त्याची पुढची आवृत्ती आली, ४८००. तिच्यात काळ्याच्या तीन पायऱ्या केल्या: काळा, फिकट काळा आणि फिकटाहून फिकट काळा. ब्लॅक अँड व्हाइट प्रिंट त्यामुळे खरोखरच सुधारले, करड्या छटांमध्ये येणारी हिरवट-गुलाबी झाक कमी झाली. पण कप्पे होते आठच. तिसऱ्या काळ्याला जागा द्यायची म्हणून दोन मुख्य काळ्यांपैकी एकाला बाहेर काढलं. तुम्हाला दुसरी हवी असेल तर काडतूस बदला, नळ्यांमधली शाई बाहेर टाका, मग नवी भरा. टाकलेली शाई अर्थातच तुमच्या पैशाची!

रिलीज नोटमध्ये "नवीन सुविधा" म्हणून मोठ्या अक्षरांत काय आलं आणि कुठली जुनी गोष्ट गुपचूप गेली, हे आपल्या धंद्यातल्या माणसाला लगेच कळतं :-)

२००६ मध्ये परिस्थिती सुधारायला लागली. कॅननचा आयपीएफ ५००० बारा शाया घेऊन आला आणि त्यात दोन्ही काळ्यांना स्वतंत्र नोझल होत्या. एचपीच्या झेड ३१०० मध्येही दोन्ही काळ्या एकाच वेळी बसत होत्या. एप्सनच्या ३८०० ने मधला मार्ग काढला. दोन्ही काडतुसं आत, पण शेवटच्या टप्प्यात नोझलची ओळ एकच. म्हणजे दोन रस्ते येऊन एका अरुंद पुलावर मिळतात तसं. प्रत्येक अदलाबदलीला थोडी शाई वाया, फोटोकडून मॅटकडे जाताना दीड मिलिलिटरच्या आसपास आणि परत येताना जवळपास तिप्पट. वाईड फॉरमॅटमधल्या ७९०० आणि ९९०० नेही २००८ मध्ये हाच सामायिक पूल ठेवला. एप्सनने आपल्या डेस्कटॉप फोटो प्रिंटरमध्ये, म्हणजे पी ७०० आणि पी ९०० मध्ये, दोन्ही काळ्यांना वेगळ्या नोझल दिल्या त्या २०२० मध्ये. चौदा वर्षं एक पूल रुंद करायला लागली.

हे सगळं सांगायचं कारण नॉस्टॅल्जिया नाही. माझं म्हणणं असं आहे की अदलाबदलीचा खर्च हाच आपली आवडनिवड ठरवतो, आणि ठरवतो तेही न विचारता. लॅबवाला काय करणार? त्याच्याकडे दहातले नऊ जण चकचकीत मागतात, तो फोटो ब्लॅक भरून ठेवतो. दहावा मॅट मागतो, तेव्हा त्या एकासाठी नळी रिकामी करणं परवडत नाही, म्हणून तो म्हणतो, "साहेब, ग्लॉसीच घ्या, मस्त येतो." दहावाही ग्लॉसी घेऊन जातो. पुढच्या वर्षी लॅबवाला प्रामाणिकपणे सांगतो की मॅट कोणी मागतच नाही. मग सुती कागदाचा रोल ठेवणं बंद होतं. यात कोणी खोटं बोललेलं नाही, कोणी फसवलेलं नाही. फक्त एका नळीने एका शहराला सांगून टाकलं की फोटो म्हणजे चकचकीत. डिफॉल्ट सेटिंग म्हणजे दुसरं काय असतं?

आता दुसरी बाजूही मांडतो, नाहीतर ती तुम्ही मांडालच. दोन्ही काळ्या लावून ठेवणं फुकट नाही. जी शाई वापरली जात नाही ती नुसती बसूनही खर्च होते, कारण सफाईच्या प्रत्येक फेरीत तिचाही घोट जातो. पिगमेंट तळाला बसतो, काडतुसाची मुदत संपते. आणि विदर्भातला मे महिना! हवा इतकी कोरडी की कूलरपुढे वाळत घातलेला टॉवेल पापड होतो, तिथे महिनाभर न वापरलेली नोझल किती मोकळी राहील? महिन्याला दोन मॅट प्रिंट करणाऱ्या छोट्या लॅबला "तुम्ही बारा शायांचं मशीन घ्याच" असं सांगणं हा आगाऊपणा आहे. ते मी सांगत नाही.

त्यावर उपाय आपल्या ऑफिसमधलाच आहे: बॅच प्रोसेसिंग. मॅटच्या ऑर्डर येतील तशा जमा करायच्या आणि महिन्यातून एक दिवस काळी बदलायची. "मॅट प्रिंट दर महिन्याच्या पहिल्या शनिवारी" एवढी पाटी पुरे. वाया जाणारी शाई वीस गिऱ्हाइकांत वाटली की माणशी खर्च नगण्य होतो. गिऱ्हाइकाला तीन आठवडे थांबावं लागेल, थांबेल की. भिंतीवर पुढची वीस वर्षं लावायचं आहे ना?

ज्यांच्या मशीनमध्ये दोन्ही काळ्यांना स्वतंत्र वाट आहे, त्यांना आणखी एक गंमत करता येते. मॅट कागदावर उथळ पडणारी फोटो ब्लॅक एरवी निरुपयोगी वाटते, पण ती उथळ आहे म्हणूनच गडद करड्याचं काम करू शकते. सगळ्यात खोल अंधार मॅट ब्लॅकचा, त्याच्या आधीची पायरी फोटो ब्लॅकची, मग बाकीचे करडे. शाईवर शाईनिशी ताबा देणारं क्वाडटोन रिपसारखं सॉफ्टवेअर असेल तर हा उतार हाताने रचता येतो आणि सावलीतले ठिपके कमी दिसतात. मात्र हा व्यवहार एकतर्फी आहे. ग्लॉसीवर मॅट ब्लॅक मिसळायच्या भानगडीत पडू नका, ती पुसली जाईल.

आणि हे फक्त हौशी फोटोग्राफरचं दुखणं आहे असं समजू नका. आपल्यापैकी अनेकांच्या गावच्या घरी आजोबा-पणजोबांचा एखादा कृष्णधवल फोटो आहे. काळी टोपी, काळा कोट, मागे स्टुडिओचा रंगवलेला पडदा. कोपरे वाळवीने खाल्लेले, निगेटिव्ह कधीच गेलेली. आता चुलत भावंडं पुणे, हैदराबाद, बंगलोरला पांगलेली, म्हणून कोणीतरी तो स्कॅन करतो आणि पाच प्रती काढायला देतो. मूळ फोटो पुढच्या दोन पावसाळ्यांत जाणार हे सगळ्यांना माहीत असतं. म्हणजे हा प्रिंट हाच यापुढे मूळ फोटो. त्यात काळा उथळ पडला तर कोटाची कॉलर आणि कोट एक होतात, टोपीची कड मागच्या अंधारात विरते. पुढच्या पिढीला ते आजोबा तसेच दिसणार, कारण तुलना करायला दुसरं काहीच उरलेलं नसेल. भिंतीवर काचेआड, उन्हापासून लांब ठेवलेला पिगमेंट प्रिंट अनेक दशकं टिकतो. म्हणजे चुकीचा काळाही तितकीच दशकं टिकतो.

माझं मत सरळ आहे. काचेच्या फ्रेममध्ये जाणारा, रोज ट्यूबलाइटखाली बघितला जाणारा फोटो मॅट कागदावर मॅट ब्लॅकने छापावा. काचेची चमक वरून आहेच, खाली आणखी एक आरसा कशाला? आकड्यांत तो ग्लॉसीपेक्षा कमी काळा आहे हे मान्य, पण २.३ चा काळा फक्त तेव्हाच दिसतो जेव्हा समोरच्या खिडकीचं प्रतिबिंब त्यात पडत नाही. फ्रेमशिवाय हातात घेऊन बघायचा, पाण्याचा किंवा पिसांचा फोटो असेल तर ग्लॉसी आणि फोटो ब्लॅक खुशाल घ्या.

लॅबमध्ये गेलात की "रेट काय?" च्या आधी तीन प्रश्न विचारा. मशीनमध्ये आत्ता कुठली काळी आहे? या कागदाचं प्रोफाइल त्याच काळ्यासाठी बनवलेलं आहे का? आणि पूर्ण प्रिंटआधी फोटोतल्या सगळ्यात अंधाऱ्या भागाची चार इंची पट्टी काढून द्याल का? तिसऱ्याला वेगळे पैसे पडले तरी द्या. पहिल्या प्रश्नाला लॅबवाला चमकून बघेल, कारण तो त्याला कोणी विचारत नाही. पाच-सहा जणांनी विचारला की मात्र तो मॅट ब्लॅकचं एक काडतूस मागवून ठेवेल. धंदा त्यालाही करायचाच आहे.