घरच्या माणसांसाठी जीपला पिंजरा : आधी हिशेब, मग वेल्डिंग

जुनी जीप विकत घ्यायची, तिचा पत्रा बदलायचा, नवा रंग मारायचा, हूड शिवून घ्यायचे आणि ती घरच्या वापरासाठी तयार करायची, हा उद्योग कोकणात आणि घाटमाथ्यावर अनेक गॅरेजांना रोजी देतो. पत्राकाम, वेल्डिंग, रंगकाम या कामांत आपले बरेच कारागीर बांधव आहेत. त्यांच्या हातात कसब आहे, हे कोणी नाकारणार नाही. या कामात अलीकडे एका नव्या मागणीची भर पडली आहे. गिऱ्हाईक म्हणते, गाडीला पिंजरा टाकून द्या. गाडी उलटली तर आतली माणसे चिरडू नयेत म्हणून बसण्याच्या जागेभोवती लोखंडी नळ्यांचा जो सांगाडा उभा करतात, त्याला रोल केज म्हणतात. दुबईच्या वाळवंट सफारीत किंवा मोटार शर्यतींच्या चित्रांत तो पाहिलेला असतो. सुटीवर गावी आलेल्या तरुणाला वाटते, आपल्याही गाडीला हे असावे, आईवडील व मुले सुरक्षित राहतील. हेतू चांगलाच आहे. प्रश्न कामाचा आहे.

मागे रायगड जिल्ह्यातल्या एका गॅरेजात आम्ही बसलो होतो. असाच एक तरुण आला. म्हणाला, "मिस्त्री, घरची माणसं बसणार आहेत, पिंजरा जरा मजबूत टाका." मिस्त्रींनी उत्तर दिले, "भाई, फिकीर करू नका. दीड इंची पाईप टाकतो, वर हत्ती बसला तरी वाकणार नाही." भाव ठरला, बयाणा दिला गेला. पाईप कोणता, तो कुठे बसणार, आत माणसे कशी बसणार, यांपैकी एकही प्रश्न कोणी विचारला नाही. त्याच आवारात दुसरी एक जीप उभी होती. ती वळणावर रस्ता सोडून शेतात कलंडली होती. वेग फार नव्हता. तिच्या पिंजऱ्याचा एक पाय तळाच्या गंजलेल्या पत्र्यातून आरपार खाली गेला होता आणि वरची नळी आसनाच्या दिशेने झुकली होती. माणसे वाचली, अल्हम्दुलिल्लाह. पण एका मुलाच्या कपाळाला टाके पडले, आणि ते त्याच पिंजऱ्यावर डोके आपटून. ते पाहिल्यापासून या विषयावर लिहावे असे मनात होते.

गाडी का उलटते?

उंच गाडी उलटते याचे कारण साधे आहे. दोन चाकांमधल्या अंतराच्या निम्म्याला गाडीच्या भारमध्याच्या उंचीने भागले की जो आकडा येतो, तो तिची स्थिरता सांगतो. साध्या मोटारीचा हा आकडा साधारण १.३ ते १.५ असतो, उंच फोर बाय फोर गाडीचा १.० ते १.३. आकडा जितका कमी, तितकी गाडी लवकर कलंडते. आता हिशेब करा. ४५ मिलिमीटर व्यासाची व अडीच मिलिमीटर जाडीची पोलादी नळी एका मीटरला सुमारे २.६ किलो भरते. पिंजऱ्याला १५ मीटर नळी लागली तर ४० किलो वजन वाढले, आणि त्यातले बरेचसे भारमध्याच्या वर. त्यावर टपावर कॅरियर आणि सामान, खाली मोठी चाके आणि उंच केलेल्या कमानी. म्हणजे उलटल्यावर वाचवील म्हणून जे बसवले, त्याच्या जोडीने गाडी उलटण्याची शक्यताही आपण वाढवून ठेवली.

नळी आणि नळी यांत फरक

पाण्याचा पाईप हा पाणी गळू नये म्हणून केलेला असतो. त्याचे दीड इंच हे माप नावापुरते असते. बाहेरचा व्यास ४८ मिलिमीटरच्या आसपास भरतो. पत्रा गोल वळवून लांबीला सांधा मारून तो तयार होतो. आपटल्यावर चपटा न होता धक्का शोषून घेणे हे त्याचे काम नव्हे. त्यावर जस्ताचा थर असेल तर वेल्डिंगची जोडणी कच्ची राहण्याचा धोका असतो आणि जस्ताचा धूर कारागिराच्या छातीत जातो, हे वेगळेच.

मोटार शर्यतींचे नियम ठरवणारी एफआयए ही जागतिक संस्था पिंजऱ्याच्या मुख्य कमानीसाठी बिनजोड, थंड स्थितीत ओढलेली कार्बन पोलादाची नळी मागते. माप ४५ मिलिमीटर व्यास व २.५ जाडी, किंवा ५० व्यास व २.० जाडी. नळी थंडच वाकवायची, आणि वाकाची त्रिज्या नळीच्या व्यासाच्या किमान तिप्पट ठेवायची. नळी तापवून, वाळू भरून वाकवली आणि वळणावर चुणी पडली, तर ती तिथेच मोडणार हे अनुभवी मिस्त्रीला सांगावे लागत नाही. पिंजऱ्याच्या प्रत्येक पायाखाली किमान ३ मिलिमीटर जाड आणि १२० चौरस सेंटीमीटर क्षेत्रफळाची पट्टी हवी, आणि किमान तीन उंची प्रतीचे बोल्ट. आम्ही पाहिलेल्या जीपमध्ये ती पट्टीच नव्हती. नळी थेट पत्र्याला चिकटवली होती. असा पाय भार पेलत नाही, पत्र्याला भोक पाडतो.

जीपच्या बाबतीत आणखी एक गोष्ट आहे. तिचा सांगाडा, म्हणजे चासी वेगळी आणि वरची बॉडी वेगळी. मध्ये रबरी गुटके असतात. चालताना दोन्ही थोडे वेगवेगळे हलतात. पिंजऱ्याचे काही पाय बॉडीला आणि काही सरळ चासीला जखडले तर महिन्या-दोन महिन्यांत वेल्डिंगला तडे जाऊ लागतात. वरून रंग मारलेला असल्याने ते दिसत नाहीत.

आत बसलेल्या माणसाचे काय?

शर्यतीतला चालक डोक्यावर हेल्मेट घालतो आणि अनेक पट्ट्यांनी आसनाला घट्ट बांधलेला असतो. म्हणून पिंजरा त्याला उपयोगी पडतो. आपल्या घरची आई, बहीण, लेकरे हेल्मेट घालून लग्नाला जात नाहीत. त्यांच्या डोक्यापासून वीतभर अंतरावर उघडी पोलादी नळी ठेवली, तर गाडी न उलटताही, नुसत्या जोराच्या धक्क्याने कपाळमोक्ष होऊ शकतो. ज्या नव्या गाड्यांत बाजूच्या खिडकीवर पडद्यासारखी एअरबॅग असते, तिथे नळी आली की ती एअरबॅगही नीट उघडणार नाही. अशा बंद छताच्या नव्या गाडीत पिंजरा टाकणे म्हणजे कारखान्याने विचारपूर्वक केलेले काम बिघडवणे होय.

या बाबतीत ट्रॅक्टरचा अनुभव बोलका आहे. स्वीडनने १९५९ मध्ये नव्या ट्रॅक्टरला चालकरक्षक चौकट सक्तीची केली, पुढे अनेक देशांनी तोच मार्ग धरला आणि ट्रॅक्टर उलटून होणारे मृत्यू घटले. म्हणजे चौकट वाचवते यात शंका नाही. पण तिच्यासोबत पट्टा बांधलेला असावा लागतो. नाहीतर माणूस बाहेर फेकला जातो आणि तीच चौकट त्याच्या अंगावर येते. जीपच्या मागच्या आडव्या बाकांवर सहा-आठ माणसे दाटीवाटीने, मांडीवर मुले, पट्टा कोणालाच नाही, आणि डोक्यावर भक्कम पिंजरा; यात सुरक्षितता नाही, सुरक्षिततेचा देखावा आहे.

सप्टेंबर २०२२ मध्ये पालघर जिल्ह्यात सायरस मिस्त्री यांच्या महागड्या मोटारीला अपघात झाला. मागे बसलेल्या दोघांचा मृत्यू झाला आणि त्यांनी पट्टे बांधले नव्हते, असे पोलिसांनी सांगितले. पुढे तोंड असलेल्या मागच्या आसनांवरही पट्टा बांधणे नियमाने सक्तीचे आहे. तरी आपण तो आसनाच्या फटीत कोंबून ठेवतो आणि सुरक्षिततेसाठी हजारो रुपये नळीवर घालतो.

कायदा आणि विमा

मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ प्रमाणे कारखान्याने ठरवलेल्या मूळ रचनेला छेद देणारा बदल गाडीत करता येत नाही. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही हेच स्पष्ट केले. २०१९ च्या दुरुस्तीने मालकाला अशा प्रत्येक बेकायदा बदलामागे पाच हजार रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात. म्हणून कामाला हात घालण्यापूर्वी आरटीओ कार्यालयाला आणि विमा कंपनीला लेखी विचारावे, उत्तर जपून ठेवावे. अपघातानंतर विम्याचा दावा अडकला तर गिऱ्हाईक आधी गॅरेजच्याच दारात येते.

मग करावे काय?

आम्ही पिंजऱ्याच्या विरोधात नाही. वर नुसते कापडी हूड असलेल्या उघड्या जीपला योग्य नळीची, योग्य पायाची कमान असणे हे काहीच नसण्यापेक्षा निश्चित चांगले. पण क्रम महत्त्वाचा आहे. प्रथम टायर, ब्रेक आणि स्टिअरिंग. मग प्रत्येक आसनाला पट्टा, आणि जितके पट्टे तितकीच माणसे. लहान मुलांना त्यांच्या मापाचे आसन. टपावरचे ओझे खाली. आडव्या बाकांवर मुलांना न बसवणे. हे सारे झाल्यावर आणि परवानगीचे उत्तर हाती आल्यावर पिंजरा. तोही डोक्यापासून दूर, आणि जिथे डोके पोहोचू शकते तिथे जाड, टणक फोमने मढवलेला. ज्याला नवी गाडी परवडते, त्याने कारखान्यातून पिंजऱ्यासह येणारी गाडी घ्यावी. २०२० च्या महिंद्र थारमध्ये तो मुळातच आहे, आणि त्या वर्षी ग्लोबल एनकॅपच्या चाचणीत तिला प्रौढांसाठी व मुलांसाठी ४-४ तारे मिळाले. मात्र ते तारे आदळण्याच्या चाचणीचे आहेत, उलटण्याच्या नव्हेत. तेव्हा घाटातला वेग आपल्यालाच सांभाळायचा आहे.

आता दोन शब्द आमच्या कारागीर बांधवांसाठी. तुम्ही म्हणाल, आम्ही नाही म्हटले तर पुढचा गॅरेजवाला करून देईल. देईल. पण मदीनेच्या बाजारातला तो प्रसंग आठवा. प्रेषित मुहम्मद (स.) यांनी धान्याच्या राशीत हात घातला तेव्हा आतले धान्य ओले लागले. विक्रेत्याने पावसाचे कारण सांगितले. तेव्हा भिजलेले धान्य लोकांना दिसेल असे वर का ठेवले नाही, असे त्याला विचारले गेले. काळ्या रंगाखाली झाकलेला पाण्याचा पाईप हे आजचे ओले धान्यच आहे. गिऱ्हाईकाला ते कळत नाही, म्हणून तर सांगण्याची जबाबदारी आपली वाढते. नळी कोणती, पाय कशाला जोडला, किती आसनांसाठी केले, हे बिलावर लिहून द्या. ज्याला हे लिहून देता येत नसेल, त्याने ते काम घेऊ नये.

यात नुकसान नाही. मिस्त्रींनी त्या तरुणाला सांगितले असते की, भाई, आधी मागच्या बाकाच्या जागी पुढे तोंड असलेली दोन आसने व पट्टे बसवू, तळाचा गंजका पत्रा बदलू, पिंजऱ्याचे नंतर पाहू, तर कामही मिळाले असते आणि विश्वासही. आसनाचे व पट्ट्याचे काम विचारून, नियमात बसवून करणारी, वेल्डिंगचे रीतसर प्रशिक्षण घेतलेल्या मुलांना हाताशी ठेवणारी गॅरेजे आपल्याकडे उभी राहिली पाहिजेत. हा धंदा पुढची वीस वर्षे चालेल; फसव्या पिंजऱ्याचा धंदा पहिल्या अपघातापर्यंतच चालेल.

आणि मालकांनो, आधी उंट बांधावा, मग अल्लाहवर भरवसा ठेवावा, ही शिकवण आपण सगळेच सांगतो. पण दोर कच्चा असेल तर उंट बांधला असे म्हणता येत नाही. घरच्या माणसांचा जीव ही अमानत आहे. पुढच्या वेळी गॅरेजात जाल तेव्हा पिंजऱ्याचा भाव विचारण्याआधी मागे वळून पाहा, आपल्या गाडीत पट्टे किती आहेत आणि माणसे किती बसतात.